शांत राहण्याच्या नादात

२२ ऑगस्ट २००४. अथेन्सजवळ मार्कोपुलोच्या ऑलिंपिक रेंजवर पुरुषांच्या ५० मीटर थ्री पोझिशन रायफलची फायनल संपत आली होती. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स तीन गुणांनी पुढे होता आणि एकच गोळी उरली होती. फायनलपर्यंत पोचलेला नेमबाज नऊ-दहाच्या खाली क्वचितच उतरतो. एमन्सला तर सव्वासातही पुरले असते. त्याने रायफल खांद्याला लावली, नेम धरला, ट्रिगर दाबला. गोळी गेली. पण त्याच्या लेनच्या पडद्यावर काही उमटेना. लक्ष्याच्या यंत्रणेतच बिघाड झाला असावा, असं वाटून त्याने पंचांकडे वळून खूण केली. पंच जमले, आपसात बोलले आणि उलगडा झाला. एमन्सची लेन दुसरी होती आणि गोळी लागली होती तिसऱ्या लेनच्या लक्ष्यावर, ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियान प्लानरच्या. नियमाप्रमाणे गुण शून्य. पहिल्या क्रमांकावरचा एमन्स एका क्षणात आठवा झाला. सुवर्ण चीनच्या जिआ झानबोला मिळालं आणि प्लानरला कांस्य.

नेमबाज याला क्रॉसफायर म्हणतात. शिकाऊ पोरांकडून ते होतं. दोन दिवसांपूर्वीच ५० मीटर प्रोनचं (पालथं पडून मारायच्या प्रकाराचं) ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या माणसाकडून व्हावं, हे कोणाला खरं वाटेना. एमन्सने पुढे स्वतःच त्याचं कारण सांगितलं. नेम धरताना तो आधी लक्ष्याच्या वरचा लेन क्रमांक पाहायचा आणि मग रायफल खाली लक्ष्यावर आणायचा. ही सवय इतकी मुरलेली होती की तिचा वेगळा विचार करावा लागत नसे. त्या शेवटच्या गोळीला मात्र त्याचं सगळं चित्त स्वतःला शांत करण्यात आणि एक चांगला शॉट मारण्यात गुंतलं होतं. आकड्याकडे त्याने पाहिलंच नाही.

त्याचं हे सांगणं मला खेळाच्या मानसशास्त्रातल्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मोलाचं वाटतं. ताण आला की खेळाडूचं लक्ष उडतं, असं आपण सर्रास म्हणतो. एमन्सचं लक्ष उडालं नव्हतं. उलट ते फार घट्ट लागलं होतं, फक्त भलत्या ठिकाणी: स्वतःच्या धडधडीवर. शांत राहणं हेसुद्धा एक काम असतं. त्या कामाला मन लागतं. आणि मनाची शिल्लक तेवढीच असल्यामुळे दुसरीकडचं काहीतरी निसटतं. त्या दिवशी लेनचा आकडा निसटला.

ताण आणि लक्ष यांचा हा व्यवहार कुठल्याही खेळात चालतो, पण नेमबाजीत तो उघडा दिसतो. इथे प्रतिस्पर्धी तुमच्या अंगाला हात लावत नाही. वारा सोडला तर अडवणारं बाहेर काही नसतं, आणि दहा मीटरच्या बंदिस्त रेंजवर तर तोही नसतो. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढं. दहा मीटर एअर रायफलमध्ये तो दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. उभ्याने रायफल धरली की ती कधीच पूर्ण स्थिर होत नाही. श्वासाबरोबर हलते, नाडीबरोबर हलते. चांगला नेमबाज हे हलणं थांबवायला जात नाही. ते लहान करतो, आणि त्यातल्या सर्वांत शांत खिडकीत ट्रिगर सुटेल इतकी वर्षं घासतो. वजन स्नायूंवर न ठेवता हाडांवर ठेवायचं, कोपर कमरेच्या हाडावर टेकवायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं. थांबायचं तेही काही सेकंदच. श्वास फार रोखला की नजर मंदावते, आणि फार वेळ टक लावली की डोळा जुनंच चित्र खरं मानू लागतो.

ताण येतो तो नेमका या घडीत. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि हाताच्या स्नायूंमधला मुळातला बारीक कंप मोठा होतो. एरवी जो कंप चहाचा कप उचलताना जाणवतही नाही, तो लक्ष्यावर आठ आणि दहा यांतला फरक ठरतो. म्हणूनच हृदयविकाराच्या औषधांतला बीटा ब्लॉकर हा वर्ग नेमबाजीत बंद आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं. ५० मीटर पिस्तुलाचं रौप्य आणि १० मीटरचं कांस्य, त्याची दोन्ही पदकं काढून घेण्यात आली. धावपटू वेग वाढवण्यासाठी औषध घेतात. इथे चोरी होती थरथर कमी करण्याची.

पण औषधाने कंप थांबतो, लक्ष कुठे जावं ते ठरत नाही. आणि सगळ्याच खेळांना थरथर वाईट असते असंही नाही. कोल्हापूरच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. ज्या गावात तालमी आहेत, शाहू खासबागचं मैदान आहे, त्याच जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले. कुस्तीत आखाड्यात उतरताना रक्त तापलेलं असावं लागतं. हलगी उगाच वाजत नाही. तेच तापलेलं रक्त नेमबाजाने रेंजवर आणलं तर त्याचा खेळ संपला. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात याचीच चाहूल लागली होती. काम सोपं असेल तर विजेचा जोरदार धक्का दिलेले उंदीर लवकर शिकत. फरक ओळखायला अवघड केला की मध्यम धक्काच उपयोगी पडे आणि जोरदार धक्क्याने शिकणं बिघडे. पुढे या प्रयोगावरून उलट्या यू आकाराचा आलेख काढला गेला आणि तो प्रशिक्षकांच्या फळ्यांवर जाऊन बसला: थोडा ताण चांगला, फार ताण वाईट. आलेख चुकीचा नाही, पण खेळाडूला त्याचा उपयोग फारसा नाही. तुझा ताण जास्त झालाय, एवढंच तो सांगतो. आता कुठे पाहू, याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर शोधणारे नंतर आले. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ ईस्टरब्रुक यांनी मांडलं की ताण वाढतो तसा लक्षाचा घेर आवळत जातो. आधी बिनकामाच्या खुणा गळतात, त्यामुळे सुरुवातीला खेळ सुधारतोही. आणखी आवळला की कामाच्या खुणाही गळू लागतात. एमन्सच्या लेनचा आकडा हे याचं जितंजागतं उदाहरण. पुढे १९८४ मध्ये रॉय बाउमाइस्टर यांनी दुसरी बाजू दाखवली. दोन दांड्यांवरून चेंडू चढवायच्या एका साध्या खेळात काही जणांना हातांकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांचा खेळ घसरला. जे काम हात आपसूक करत होते, त्यावर मनाने पहारा बसवला की हात अडखळतात. ब्रिटनमध्ये रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या पटिंगवर प्रयोग केला. ज्यांना तंत्राचे नियम शब्दांत शिकवले होते त्यांची प्रगती ताणाखाली खुंटली. ज्यांना शिकताना मुद्दाम दुसऱ्या कामात गुंतवलं होतं, आणि म्हणून नियम पाठ झाले नव्हते, ते ताणाखालीही सुधारत राहिले.

म्हणजे दडपणाखाली लक्ष दोन दिशांना पळतं. एक बाहेर: गुणफलक, निवेदकाचा आवाज, मागच्या रांगेत बसलेले वडील, पदक मिळालं तर काय आणि हुकलं तर काय. दुसरी आत: कोपर नीट आहे ना, बोट सरळ मागे येतंय ना, छाती किती धडधडतेय. खेळाडूला बाहेरचं भटकणं ओळखता येतं, कारण ते त्याला चूक वाटतं. आतलं भटकणं त्याला मेहनत वाटते, आणि म्हणून ते जास्त घातक. चार वर्षांनी बीजिंगमध्ये एमन्सचं काय झालं पाहा. तीच स्पर्धा, तीच शेवटची गोळी. या खेपेला तो ३.३ गुणांनी पुढे होता आणि ६.७ पुरेसे होते. लेन बरोबर होती. रायफल वरून लक्ष्यावर उतरत असतानाच बोटाचा ट्रिगरला स्पर्श झाला आणि गोळी सुटली. गुण ४.४. क्रमांक चौथा. या माणसाची थट्टा जगभर झाली, आणि ती वाचताना मला राग येतो. सलग दोन ऑलिंपिक फायनलमध्ये शेवटच्या गोळीपर्यंत जगातल्या सगळ्यांच्या पुढे राहणं किती जणांना जमलंय? आणि तिसऱ्यांदा, लंडनला २०१२ मध्ये, तो पुन्हा त्याच फायनलमध्ये उतरला. शेवटची गोळी ७.६ गेली, रौप्य हातचं गेलं, पण कांस्य घेऊनच तो उठला.

त्याच बीजिंगमध्ये, ११ ऑगस्टला, अभिनव बिंद्राचीही शेवटची गोळी होती. दहा मीटर एअर रायफलमध्ये तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेनने ९.७ मारला. बिंद्राने १०.८. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. हा १०.८ आपण त्याच्या स्थिर मनाची देणगी म्हणून सांगतो, आणि तिथेच आपण चुकतो. अथेन्सला हाच बिंद्रा पात्रता फेरीत तिसरा येऊन फायनलमध्ये सातवा राहिला होता. मधल्या चार वर्षांत त्याने काय केलं, ते त्याने स्वतः सांगितलंय. बीजिंगच्या फायनल हॉलसारखा प्रकाश आणि मोकळी जागा मिळावी म्हणून लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन त्यात सराव केला. जर्मनीत कमांडोंच्या प्रशिक्षणातल्या चाळीस फुटी खांबावर चढून गेला. रायफल नेमबाजाला खांबावर चढून काय मिळणार? छाती धडधडत असताना, पाय लटपटत असताना पुढची एकच कृती करण्याची सवय मिळते. भीती जाईपर्यंत थांबायचं नाही, हे शरीराला कळतं.

यामागे विज्ञानही आहे. नेदरलँड्समध्ये राऊल आउडेयान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डार्ट फेकणाऱ्यांना चढाईच्या कृत्रिम भिंतीवर उंच लटकवून सराव करायला लावला. पोलिसांना पुठ्ठ्याच्या पुतळ्याऐवजी उलट रंगीत काडतुसं झाडणाऱ्या माणसासमोर नेमबाजी करायला लावली. अशा सरावानंतर भीती फारशी कमी झाली नाही. ठोके तसेच वाढत राहिले. पण कामगिरी पूर्वीसारखी कोसळली नाही. मला या संशोधनातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ताणात सराव केल्याने ताण जात नाही. तो असताना लक्ष कुठे ठेवायचं, एवढं अंगात मुरतं.

आपल्याकडे याची किंमत टोकियोने शिकवली. २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि परतल्यावर उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या. तिने ५७५ गुण केले, फायनलची रेषा ५७७ ला होती. त्या ऑलिंपिकमधून पंधरा भारतीय नेमबाज रिकाम्या हाताने परतले. रिओतही हेच झालं होतं. मनू तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि देशाने तिला बंदुकीपेक्षा जास्त दोष दिला. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं घेतली आणि २५ मीटर पिस्तुलात चौथी आली.

पॅरिसच्या या स्पर्धा खरं तर शातोरू नावाच्या लहानशा गावात झाल्या. १ ऑगस्ट २०२४ ला तिथे स्वप्नील कुसाळे फायनलला उतरला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. त्याची स्पर्धा एमन्सचीच: थ्री पोझिशन. आधी गुडघ्यावर, मग पालथं पडून, शेवटी उभ्याने. यात भारताला ऑलिंपिक पदक कधी मिळालं नव्हतं. त्याच्या मागे काय होतं तेही लक्षात घ्यायला हवं. २०२२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत तो चौथा आला होता. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पदकाच्या शर्यतीत असताना उभ्याच्या टप्प्यात एक गोळी ७.६ गेली आणि पुन्हा चौथा. चौथ्या क्रमांकाचा माणूस पुढच्या फायनलला येतो तेव्हा ती ७.६ त्याच्यासोबत येते.

त्या सकाळी त्याने काही खाल्लं नव्हतं. पोटात गोळा आला होता, नुसता काळा चहा घेऊन तो रेंजवर आला, असं त्याने सामन्यानंतर सांगितलं. ठोके फार वाढले होते हेही सांगितलं. मी शांत होतो, असं तो म्हणाला नाही. गुणफलकाकडे न पाहता श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, असं त्याचं म्हणणं होतं. गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर तो सहावा होता. प्रोननंतर पाचवा. थ्री पोझिशनमध्ये पहिल्या दोन टप्प्यांत फरक थोडा पडतो, निकाल लागतो तो उभ्याने, कारण तिथे रायफल सर्वांत जास्त हलते आणि पाय, पाठ, मन सगळेच थकलेले असतात. हांगझोला जिथे तो घसरला होता, तिथेच तो वर चढला. एकेक जण बाद होत गेला. ४५१.४ गुणांवर तो थांबला तेव्हा कांस्य त्याचं झालं होतं. पुढे चीनचा लिउ युकुन आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश एवढेच होते. गोलेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य आणलं, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. एमन्स जिथे चुकला त्याच अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या स्वतः रायफल नेमबाज म्हणून खेळल्या होत्या.

श्वासावर ताबा ठेवणं आणि शांत होण्याचा प्रयत्न करणं यांत फरक काय, असं कोणी विचारेल. फरक मोठा आहे. श्वास ही कृती आहे. ती सुरू करता येते, संपवता येते आणि सरावातल्या हजारो गोळ्यांच्या आधी केलेली असते. शांत होणं ही कृती नाही. ते झालं की नाही हे पाहायला मनाला पुन्हा पुन्हा आत डोकावावं लागतं. नेमबाज ज्याला शॉट रूटीन म्हणतात त्याचं काम हेच: काडतूस भरणं, पावलं पाहणं, गाल रायफलला लावणं, लेनचा आकडा, श्वास, होल्ड, ट्रिगर, आणि गोळी गेल्यावरही क्षणभर नजर तिथेच. प्रत्येक पायरीला लक्षासाठी एक ठरलेली जागा असते. भीती आली तरी तिला बसायला जागा उरत नाही.

म्हणूनच जिल्हा पातळीच्या स्पर्धांत मुलांच्या मागे उभं राहून ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं सांगणारे पालक पाहिले की जीव तुटतो. प्रेमापोटीच सांगतात. पण त्या तीन शब्दांनी मुलाच्या डोक्यात नवं काम शिरतं: आता टेन्शन आहे का, ते शोध. त्याऐवजी पावलं कुठे ठेवलीस, एवढं विचारलं तरी पुरे. आणि रेंज चालवणाऱ्यांनी सराव कायम शांततेत ठेवू नये. आजच्या ऑलिंपिक फायनलमध्ये संगीत असतं, निवेदक प्रत्येक गोळीनंतर बोलतो, प्रेक्षक आरडाओरडा करतात, ठरावीक गोळ्यांनंतर एकेकाला उठावं लागतं. २०१३ पासून पात्रतेतले गुण फायनलला धरत नाहीत, सगळे शून्यापासून सुरू करतात. आपली पोरं मात्र पिनड्रॉप शांततेत साठ गोळ्यांची मालिका मारून घरी जातात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये अठराव्या वर्षी एअर रायफलचं जागतिक विजेतेपद जिंकलं, देशाला पॅरिसचा कोटा मिळवून दिला आणि निवड चाचण्यांत मागे पडल्यामुळे तो स्वतः पॅरिसला गेला नाही. या खेळात घरच्या चाचणीचा ताण ऑलिंपिकपेक्षा कमी नसतो. त्याची तालीम आधीपासून, गोंगाटात आणि एकेक जण बाद होणाऱ्या फायनलमध्ये व्हायला हवी. त्याला फार पैसे लागत नाहीत. एक स्पीकर आणि टाळ्या वाजवायला दुसऱ्या बॅचची मुलं पुरतात.

राही सरनोबतचा पालेम्बांगमधला सामना अशा सरावात मुद्दाम दाखवावा असा आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतली २५ मीटर पिस्तुलाची फायनल. कोपराच्या दुखापतीतून परतलेली राही, प्रशिक्षक दोन ऑलिंपिक कांस्यपदकं जिंकलेल्या मुंखबायर दोर्जसुरेन. पात्रतेत सोळा वर्षांच्या मनू भाकरने ५९३ गुणांचा स्पर्धाविक्रम केला होता, पण फायनलमध्ये ती सहावी राहिली. या प्रकारात हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी मारायची, मग सात सेकंद थांबायचं. १०.२ किंवा त्याहून चांगली गोळी लागली तर एक गुण, नाहीतर काहीच नाही. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं की मुरलेल्या गोल्फपटूंना घाई करायला लावली तर त्यांचं पटिंग सुधारतं, कारण हातांवर पहारा ठेवायला मनाला वेळच मिळत नाही. तीन सेकंदांत राहीलाही तो मिळत नव्हता. धोका होता मधल्या सात सेकंदांत, आणि बरोबरी सोडवणाऱ्या शूट-ऑफच्या आधीच्या थांब्यात. पन्नास गोळ्यांनंतर ती आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून ३४-३४. शूट-ऑफच्या पहिल्या पाच गोळ्यांत दोघींनी चार-चार मारल्या. पुन्हा थांबा, पुन्हा पिस्तूल भरायचं, पुन्हा हात खाली पंचेचाळीस अंशांवर. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये यांगपैबूनने दोन मारल्या, राहीने तीन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.